अळीच्या पेशीत माणसाच्या स्नायूची प्रथिने

हाताचा असो वा हृदयाचा, स्नायू आखडतो तो दोन प्रथिनांच्या ओढीमुळे. एकाचे नाव अ‍ॅक्टिन, दुसऱ्याचे मायोसिन. स्नायूच्या प्रत्येक तंतूत जेमतेम दोन मायक्रोमीटर लांबीचे हजारो कप्पे एकापुढे एक लागलेले असतात आणि प्रत्येक कप्प्यात अ‍ॅक्टिनचे बारीक व मायोसिनचे जाड धागे एकमेकांत शिरलेले असतात. मायोसिनच्या धाग्याला बाजूने डोकी फुटलेली असतात. ती अ‍ॅक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुढे सरकून पुन्हा धरतात. लालबाग-परळच्या कोकणी घरांत रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, कशी ओढतात हे सांगावे लागत नाही. माणसे दोराला हात घालतात, ओढत मागे जातात, सोडून पुन्हा पुढे येतात; पण सगळी एकदम सोडत नाहीत, म्हणून जाळे किनाऱ्याकडे सरकत राहते. स्नायूतली असंख्य डोकी अशीच आळीपाळीने काम करतात. प्रत्येक ओढीला एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्ची पडतो.

या दोघांच्या जोडीला आणखी बरीच प्रथिने असतात. ट्रोपोमायोसिन आणि ट्रोपोनिन अ‍ॅक्टिनवर पहारा देतात आणि कॅल्शियम आले की वाट मोकळी करतात. टायटिन हे माणसाच्या शरीरातले सर्वांत मोठे प्रथिन; ताणलेल्या स्नायूला ते पुन्हा मूळ लांबीवर आणते. डिस्ट्रोफिन हे पेशीच्या आतला सांगाडा तिच्या पडद्याशी बांधून ठेवते. यांपैकी ट्रोपोनिनचे नाव सर्वसामान्यांच्याही कानावर असते. छातीत कळ येऊन परळच्या केईएममध्ये किंवा दुसऱ्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात आलेल्या माणसाचे रक्त ट्रोपोनिनसाठी तपासतात, कारण हृदयाच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते.

यांतल्या एखाद्या प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला तरी आयुष्य पालटू शकते. डिस्ट्रोफिन मुळीच तयार झाले नाही, तर ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होते. हा आजार साधारण पाच हजार मुलग्यांत एकाला होतो आणि बहुतेक मुले बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत त्यांचे चालणे थांबते. हृदयाच्या मायोसिनमधल्या काही बदलांमुळे हृदयाची भिंत जाड होत जाते. तरुण खेळाडू मैदानावर अचानक कोसळून जातो, तेव्हा त्यामागे पुष्कळदा हेच कारण निघते. बदल नेमका काय बिघडवतो, डोके जास्त जोराने ओढते की धरलेले लवकर सोडत नाही, हे कळल्याशिवाय औषध शोधायचे कशावर? त्यासाठी ते प्रथिन शुद्ध स्वरूपात हातात हवे, निरोगी माणसाचेही आणि बदललेलेही.

बराच काळ ही प्रथिने प्राण्यांकडूनच घेतली जात. हाफकिन संस्थेने परळमध्ये घोड्यांच्या रक्तातून सर्पदंशावरचे प्रतिविष तयार केले, मधुमेह्यांसाठी इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई, तसे स्नायूंच्या अभ्यासकांचे मायोसिन सशाच्या पाठीतून आणि बैलाच्या हृदयातून येत असे. त्यातून मूलभूत विज्ञान उभे राहिले, यात शंका नाही. पण सशात माणसाचा आजार नसतो. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या हृदयातले मुख्य मायोसिनसुद्धा माणसाच्या हृदयातल्या मायोसिनपेक्षा वेगळ्या जातीचे असते. माणसाच्या हृदयाचा तुकडा मिळतो तो शस्त्रक्रियेत किंवा हृदयारोपणात, आणि तोही क्वचित. शिवाय अशा रुग्णाकडे जनुकाची एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली असते, त्यामुळे तुकड्यातून निघते ते मिश्रण. हवे ते प्रथिन, हव्या त्या बदलासह, मागणीनुसार तयार करून घेणे हाच मार्ग उरतो. माणसाचे जनुक दुसऱ्या जिवाच्या पेशीत घालून तिच्याकडून असे प्रथिन बनवून घेतले की त्याला रिकॉम्बिनंट प्रथिन म्हणतात.

सर्वांत स्वस्त पर्याय ई. कोलाय या जिवाणूचा. ट्रोपोनिन त्याच्यात चांगले तयार होते. ट्रोपोमायोसिनही होते, पण अर्धवट: माणसाच्या पेशीत त्याच्या टोकाला अ‍ॅसिटिल नावाचा छोटा गट जोडला जातो, जिवाणू तो जोडत नाही आणि मग ते अ‍ॅक्टिनला नीट चिकटत नाही. अ‍ॅक्टिनच्या बाबतीत तर जिवाणू पूर्णच हात टेकतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. तिची घडी बरोबर पडली तरच ती काम करते. अ‍ॅक्टिनची घडी घालायला सीसीटी नावाचे पिंपासारखे मोठे मदतनीस यंत्र लागते आणि ते जिवाणूत नसते. साखळी तयार होते, पण गोळा होऊन तळाशी बसते.

इथे अळी कामाला येते. विदर्भ-मराठवाड्यातल्या हरभरा, तूर आणि कपाशीच्या शेतकऱ्याला घाटेअळी चांगली ठाऊक असते आणि तिच्यावर फवारायचा विषाणूही. कृषी खात्याच्या शिफारशीत त्याला एचएएनपीव्ही म्हणतात आणि त्याची मात्रा हेक्टरी २५० एलई, म्हणजे तेवढ्या रोगट अळ्यांतून मिळेल इतकी, अशी दिलेली असते. फवारणी संध्याकाळी करायची, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू मरतो. द्रावणात नीळ घालण्याचा सल्लाही त्याचसाठी. पानाबरोबर विषाणू पोटात गेलेली अळी काही दिवसांत खाणे सोडते, झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि तिथेच उलटी लटकून मरते. कातडी फाटते, आतला पातळ द्रव खालच्या पानांवर ठिबकतो आणि पुढच्या अळ्यांना बाधा होते. अशा मेलेल्या अळ्या गोळा करून, वाटून, गाळून पुन्हा फवारणारे शेतकरीही आहेत. या कुळातल्या विषाणूंना बॅक्युलोव्हायरस म्हणतात. ते कीटकांपुरतेच असतात, माणसाच्या शरीरात वाढत नाहीत.

ठिबकणाऱ्या त्या द्रवात विषाणू उघडे नसतात. पॉलिहेड्रिन नावाच्या एकाच प्रथिनाच्या स्फटिकांत ते बंदिस्त असतात. ऊन, पाऊस आणि माती यांपासून हे स्फटिक विषाणूचे रक्षण करतात आणि पुढच्या अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात विरघळतात. एवढे संरक्षण उभारायला विषाणू पेशीला शेवटच्या टप्प्यात जवळजवळ त्याच एका कामाला जुंपतो. मरणाऱ्या पेशीतल्या एकूण प्रथिनांचा मोठा हिस्सा पॉलिहेड्रिनचाच होतो.

पण प्रयोगशाळेच्या बाटलीत ऊन नाही, पाऊस नाही, अळीचे आतडेही नाही. तिथे विषाणू एका पेशीतून दुसऱ्या पेशीत थेट जातो आणि पॉलिहेड्रिनवाचून त्याचे काही अडत नाही. म्हणजे ते जनुक काढून टाकले आणि त्याच्या जागी, त्याच जोरदार चालू होणाऱ्या कळीपुढे माणसाचे जनुक बसवले, तर पेशी त्याच उत्साहाने माणसाचे प्रथिन बनवू लागेल. टेक्सासमधल्या मॅक्स समर्स आणि गेल स्मिथ यांनी हे करून दाखवले आणि १९८३ मध्ये कीटकपेशीतून मानवी बीटा इंटरफेरॉन मिळवल्याचे प्रसिद्ध केले. निसर्गातली एक नेमकी उधळपट्टी हेरून तिचा उपयोग करून घेण्याची ही युक्ती जीवशास्त्रातल्या अतिशय देखण्या युक्त्यांपैकी एक आहे.

या कामासाठी आज सर्रास वापरतात ती पेशी एसएफ-९. ती आली स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा या पतंगाच्या कोषातील अंडाशयातून. अमेरिकेतला हा कीटक २०१८ मध्ये भारतात आला, आधी कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मक्यावर. शेतकरी त्याला अमेरिकन लष्करी अळी म्हणतात. पिकाचा हा शत्रू जगभरच्या प्रयोगशाळांत चाळीस वर्षे निमूट काम करत आला आहे.

कीटकांच्या पेशी बाटलीत अखंड वाढवण्याच्या इतिहासात पुण्याचे नाव अगदी सुरुवातीलाच येते. ऑस्ट्रेलियात थॉमस ग्रेस यांनी १९६२ मध्ये पतंगाच्या पेशींचा पहिला अखंड वाण वाढवला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९६७ मध्ये, पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधले के. आर. पी. सिंग यांनी एडिस डासांच्या नुकत्याच जन्मलेल्या अळ्यांपासून दोन वाण तयार केले. त्यांतल्या एकातून पुढे निवडलेला सी६/३६ हा वाण डेंगीचा विषाणू वाढवायला आजही जगभर वापरला जातो. तीच संस्था आता राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, म्हणून ओळखली जाते. घाटेअळीच्या पेशींचे वाणही तिथे तयार झाले. महाराष्ट्रात या कामाची जेवढी आठवण राहायला हवी होती तेवढी राहिलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रत्यक्ष काम असे चालते. आधी माणसाच्या जनुकाची प्रत एका छोट्या वर्तुळाकार डीएनएत बसवतात. त्याला एक शेपटी जोडतात, बहुधा हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या सहा कड्यांची. पुढे प्रथिन वेगळे करताना ती लागते. विषाणूचा संपूर्ण जनुकसंच सुमारे १ लाख ३४ हजार अक्षरांचा, त्यामुळे थेट हाताळायला अवघड. १९९३ पासून तो जिवाणूच्या पोटात ठेवून तिथेच जनुक जोडण्याची पद्धत रूढ झाली. जोड जमली की बशीतली जिवाणूंची वसाहत पांढरी राहते, न जमलेल्या निळ्या होतात. पांढऱ्या वसाहतीतून डीएनए काढून तो एसएफ-९ पेशींना दिला की चार-पाच दिवसांत बाटलीतल्या द्रवात नवे विषाणू उतरतात. त्यांची एक-दोनदा वाढ करून साठा करतात. फार वेळा वाढ करत गेले तर काही विषाणू आपला डीएनए गाळत जातात, उपराच असलेला भाग आधी गमावतात, आणि उत्पादन ढासळते. म्हणून अनुभवी माणूस पहिल्या पिढ्यांचा साठा जपून ठेवतो.

मग मुख्य वाढ. शंकुपात्रात फिकट पिवळे पोषकद्रव्य, प्रत्येक मिलिलिटरमध्ये वीसेक लाख पेशी, आणि पात्र हलवणारे यंत्र २७ अंशांवर. माणसाच्या पेशींना ३७ अंश आणि कार्बन डायऑक्साइडची कपाटे लागतात. या पेशींना दोन्ही लागत नाहीत. विषाणू घातल्यावर दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली फरक दिसू लागतो. गोल, चकचकीत पेशी फुगतात, केंद्रक वाढत वाढत जवळजवळ सगळी पेशी व्यापते आणि विभाजन थांबते. थोडा द्रव ट्रिपॅन ब्लू या निळ्या रंगात मिसळून काचपट्टीवर मोजतात. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही. निळ्यांचे प्रमाण वाढू लागले की थांबण्यात अर्थ नसतो, कारण फुटलेल्या पेशीतली विकरे तयार झालेले प्रथिन कुरतडू लागतात. साधारण ४८ ते ७२ तासांच्या मधली नेमकी वेळ साधावी लागते आणि ती प्रत्येक प्रथिनाला वेगळी असते. पेशी गोळा करून बर्फात ठेवूनच फोडतात, निकेल लावलेल्या मण्यांच्या नळीतून द्रव सोडतात, हिस्टिडिनची शेपटी निकेलला चिकटते आणि बाकीचे वाहून जाते. शेवटी प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर निळी पट्टी दिसते. अपेक्षित वजनाच्या जागी एकच ठसठशीत पट्टी असणे ही या सगळ्या मेहनतीची पावती. एक लिटर द्रवातून काही मिलिग्रॅम शुद्ध प्रथिन हाती आले तर ते चांगले उत्पादन समजतात.

या मार्गाने बरेच साधले आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातल्या संशोधकांनी मानवी हृदयाचे अ‍ॅक्टिन कीटकपेशीत बनवले आणि आजाराशी जोडलेल्या एका बदलाने काय बिघडते ते तपासले. यातली अडचण वेगळीच असते: अळीच्या पेशीचे स्वतःचेही अ‍ॅक्टिन असते आणि ते माणसाच्या अ‍ॅक्टिनशी इतके मिळतेजुळते की वेगळे काढणे जिकिरीचे जाते. ३७५ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात माणसाच्याच हृदयाच्या आणि हाडांवरच्या स्नायूंच्या अ‍ॅक्टिनमध्ये अवघ्या चारांचा फरक आहे. टायटिन अखंड बनवणे आवाक्याबाहेरचे, पण त्याचा विकरासारखा काम करणारा तुकडा कीटकपेशीतून मिळवून १९९८ मध्ये त्याची रचना उलगडली गेली. ३,६८५ अमिनो आम्लांचे डिस्ट्रोफिन तर अखंड तयार झाले. मिनेसोटातल्या संशोधकांनी रुग्णांमध्ये सापडलेले एकेका अमिनो आम्लाचे बदल त्यात करून पाहिले, तेव्हा त्यांतली प्रथिने अस्थिर होऊन गोळा होताना दिसली. म्हणजे अशा काही रुग्णांत प्रथिन तयार होते, पण टिकत नाही. उपचार शोधणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

अळीच्या पेशीची एक उणीव नेहमी सांगितली जाते. प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या जोडण्याची तिची रीत माणसापेक्षा साधी आहे. पेशीच्या आत राहणाऱ्या अ‍ॅक्टिन, ट्रोपोमायोसिन, डिस्ट्रोफिनला याची फारशी झळ बसत नाही. डिस्ट्रोफिनचा पडद्यावरचा जोडीदार डिस्ट्रोग्लायकन मात्र त्या साखरांवरच अवलंबून असतो. त्याच्यासाठी अळी निरुपयोगी.

आणि गाडी अडते ती नेमकी मायोसिनपाशी. आतडी आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतल्या मऊ स्नायूंचे मायोसिन एसएफ-९ मध्ये उत्तम बनते. हृदयाचे किंवा हातापायांचे मायोसिन बनवायला गेले, की साखळी तयार होते पण डोक्याची घडी पडत नाही. कारण ही घडी घालायला अन्क-४५ नावाचा खास मदतनीस लागतो. त्याचा शोध एका सूक्ष्म कृमीत लागला होता. हा मदतनीस बिघडलेल्या कृमीला नीट हालचाल करता येत नसे. माणसात त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला एक स्नायूंचा. एसएफ-९ ही अंडाशयातून आलेली पेशी, तिच्याकडे स्नायूची ही सामग्री नाही. मायोसिनबरोबर हा मदतनीसही बनवायला लावला तर काही मायोसिनांचे जमते. मलेरियाच्या परजीवीचे मायोसिन २०१७ मध्ये असेच मिळाले. माणसाच्या हृदयाच्या मायोसिनसाठी मात्र स्टॅनफर्डचे जेम्स स्पुडिच आणि कोलोरॅडोच्या लेस्ली लाइनवांड यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी उंदराच्या स्नायूपासून वाढवलेल्या सी२सी१२ पेशी घेतल्या आणि जनुक पोचवण्याचे काम अ‍ॅडिनोव्हायरसला दिले. महागडे आणि वेळखाऊ काम, पण प्रथिन खरे.

असे मायोसिन खरोखर काम करते का, हे डोळ्यांनी पाहता येते. काचेवर मायोसिनचा थर द्यायचा, वर चमकणाऱ्या रंगाने रंगवलेले अ‍ॅक्टिनचे धागे सोडायचे आणि एटीपी घालायचे. सूक्ष्मदर्शकात लाल धागे काचेवरून सरपटू लागतात. त्यांचा वेग मोजला की निरोगी आणि बदललेल्या मायोसिनची तुलना होते. स्पुडिच यांच्या प्रयोगशाळेत ही चाचणी १९८६ मध्ये तयार झाली. मायोसिनच्या अशाच अभ्यासाच्या वाटेवर पुढे हृदयाच्या मायोसिनचा जोर कमी करणाऱ्या मावाकॅम्टेन या औषधाला अमेरिकेत एप्रिल २०२२ मध्ये मान्यता मिळाली. भिंत जाड झालेल्या हृदयासाठी, आजाराच्या मुळाशी असलेल्या प्रथिनावरच काम करणारे हे या प्रकारचे पहिले औषध.

भारतीयांच्या दृष्टीने सर्वांत जवळचा प्रश्न मायोसिनला बांधून ठेवणाऱ्या मायोसिन-बाइंडिंग प्रोटीन-सी या प्रथिनाचा आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की या प्रथिनाच्या जनुकातली २५ अक्षरे गळालेली माणसे भारतीय उपखंडात सुमारे चार टक्के आहेत आणि त्यांच्यात हृदयाच्या स्नायूचे आजार जास्त आढळतात. वर्गात पन्नास मुले असतील तर दोघांकडे हा बदल असू शकतो. पुढच्या अभ्यासांनी चित्र सौम्य केले. बहुतेक धोका त्या २५ अक्षरांचा नसून काहींमध्ये त्यांच्या सोबत येणाऱ्या दुसऱ्या, दुर्मीळ बदलाचा आहे, असे २०२० मध्ये दिसून आले. तरीही कोणत्या माणसाने घाबरायचे आणि कोणत्या माणसाने निश्चिंत राहायचे, हे ठरवायला जनुकांची यादी पुरत नाही. गाळलेल्या अक्षरांमुळे प्रथिनाचे शेवटचे टोक बदलते. ते टोक असलेले आणि मूळचे, अशी दोन्ही प्रथिने बनवून शेजारी शेजारी तपासावी लागतात. हा बदल प्रामुख्याने इथल्या माणसांत आहे, हृदयाचे रुग्ण परळच्या रुग्णालयांत रोज येतात आणि कीटकपेशी हाताळण्याचा अनुभव पुण्यात साठ वर्षांचा आहे. हे काम इथे झाले नाही तर दुसरीकडे ते करण्याची निकड कुणाला फारशी वाटणार नाही.

कारखान्याच्या पातळीवरचा अनुभवही आता पुण्यात आहे. सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोवोवॅक्स या कोविड लशीतले काटा-प्रथिन एसएफ-९ पेशींतच, बॅक्युलोव्हायरसच्या साह्याने तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेने १७ डिसेंबर २०२१ रोजी आणि भारताच्या औषध महानियंत्रकांनी त्याच महिन्याच्या अखेरीस तिला आपत्कालीन वापराची परवानगी दिली. ही लस मूळची अमेरिकेच्या नोवावॅक्स कंपनीची आणि ती घडवणाऱ्यांत १९८३ चे तेच गेल स्मिथ होते.

स्नायूंच्या आजारांत अळीच्या पेशीला आणखी एक काम मिळाले आहे. प्रथिन बनवून देण्याऐवजी जनुकच रुग्णाच्या स्नायूत पोचवायचे, तर त्यासाठी एएव्ही नावाचा निरुपद्रवी छोटा विषाणू वापरतात. तो एसएफ-९ पेशींत बॅक्युलोव्हायरसच्या मदतीने मोठ्या प्रमाणात वाढवता येतो, हे अमेरिकेत २००२ मध्ये सिद्ध झाले. युरोपात २०१२ मध्ये मान्यता मिळालेले ग्लायबेरा हे पहिले जनुकोपचार औषध असेच तयार होई आणि ते पायांच्या स्नायूंत टोचत. मागणीअभावी पाच वर्षांत ते बाजारातून गेले. ड्युशेनच्या मुलांसाठी मात्र दोन अडचणी येतात. एएव्हीत सुमारे ४,७०० अक्षरेच मावतात आणि डिस्ट्रोफिनला ११ हजारांहून अधिक लागतात. म्हणून कापून छोटे केलेले डिस्ट्रोफिन वापरतात. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेला एलेव्हिडिस हा उपचार तसाच आहे. त्याचा विषाणू माणसाच्या पेशींत वाढवला जातो. दुसरी अडचण मात्रेची. शरीरभरच्या स्नायूंपर्यंत पोचायचे, तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे १३३ लाख कोटी विषाणूकण द्यावे लागतात. एवढ्या मात्रेचा ताण यकृतावर येतो. २०२५ मध्ये यकृत निकामी होऊन रुग्ण दगावल्यावर चालू न शकणाऱ्या मुलांना हा उपचार देणे थांबवण्यात आले. मात्रा कमी कशी करायची यावर सध्या संशोधकांचा भर आहे. तोवर एकेका मुलासाठी लागणारे कण बनवायला मोठमोठ्या टाक्या लागतात आणि द्रवात तरंगत, कार्बन डायऑक्साइडवाचून वाढणाऱ्या अळीच्या पेशी त्या टाक्यांसाठी सोयीच्या ठरतात.